लिलावाचा तास

अन्याय झाला तो पाचवीतल्या एका ब्लॅक मुलीवर. २००६ सालच्या फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांच्या ‘ब्लॅक इतिहासाच्या महिन्यात’, एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका गावातली सरकारी शाळा. गुलामगिरी ‘जिवंत करून’ शिकवायची म्हणून बाईंनी वर्गात लिलाव मांडला. वर्गात ती एकटीच ब्लॅक. तिला खुर्चीवर उभं केलं, बाकीच्यांना खोट्या नोटा वाटल्या, आणि बोली सुरू झाली.

सगळ्यात मोठी बोली लावली ती आपल्या एका मराठी मुलीने.

हे मला तिनेच सांगितलं. मी तेव्हा शिकागोत एम.एस. करत होते आणि दर रविवारी ट्रेनने त्या गावी जाऊन मराठी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायचे. त्या रविवारी फळ्यावर ‘विकत घेणे’ लिहिलं आणि म्हटलं, वाक्यं सांगा. कुणी पिझ्झा विकत घेतला, कुणी कुत्रा. ही म्हणाली, “आय बॉट अ गर्ल, ताई. आय वन.” मग, “शी डझन्ट सिट विथ मी एनीमोअर.”

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे आणि चौकात उभी राहून वाटायचे. पत्रकात आधी सांगायचं अन्याय कोणावर झाला, मग कोणी केला, आणि शेवटी आम्हाला काय पाहिजे. इथे शेवटचंच सुचेना. बाईंना काढून टाका म्हणू? त्याच शाळेत इतिहास शिकवणारी एक शिक्षिका होती, त्या मुलीसारखीच ब्लॅक. मी तिला जाऊन भेटले, तेव्हा तिने मला सरळ सांगितलं, “हिला काढाल तर पुढची येईल आणि हाच खेळ मांडेल. आम्हाला दुसरं काही शिकवलंय कोणी?”

ती आणि तिच्या दोन सहकारी उन्हाळ्याच्या सुट्टीत नवे धडे रचणार होत्या. गुलाम केलेली माणसं काय पेरत, काय रांधत, चोरून वाचायला कशी शिकत, पळून जायचे बेत कसे आखत. आणि त्यांच्या घामावर कोणाची घरं उभी राहिली. शिक्षणाला मदत करणारी एक स्थानिक संस्था अर्धं अनुदान द्यायला तयार होती. अट एवढीच, की उरलेलं अर्धं गावातल्याच कुणा मंडळाने घालायचं. ते नाही तर काहीच नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा लिलाव.

आमचं मंडळ दरवर्षी शाळांना देणगी द्यायचं. आदल्या वर्षी कॉम्प्युटर दिले होते आणि समोर बॅनर धरून फोटो काढला होता. म्हणून मी विषय सभेत आणला.

मंडळात मतदान कधी होत नसे. ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणून प्रत्येक ठराव सर्वानुमते. आणि जो सर्वानुमते होणार नाही असं दिसे, तो ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’. चला, वडे गार होतायत.

अध्यक्षकाका म्हणाले, “विषय चांगला आहे गं, पण डेलिकेट आहे. आपण इथे पाहुणे. पाहुण्यांनी घरच्यांच्या भांडणात पडू नये.”

“तीस वर्षांचं होम लोन काढलंय काका तुम्ही. एवढा मुक्काम ठोकणारा पाहुणा कुठे पाहिलाय?”

लोक हसले. एक काकू नाही हसल्या. “तुझं काय जातंय? स्टुडंट आहेस. आमची ग्रीन कार्डं लटकलीयत. आणि आपण थोडेच गुलाम ठेवले होते?”

“नाही ठेवले. आपण मुलांना वर्गाबाहेर बसवलं, काकू. ते तरी आपल्याला कोणी धड शिकवलं?”

“झालं! आता जात काढली हिने,” मागून कोणीतरी. “वडे खाऊ दे यार.”

अध्यक्षकाका उठले. “तर मग सर्वानुमते, पुढच्या मीटिंगला...”

“सर्वानुमते नाही.”

बोली लावणाऱ्या त्या मुलीची आई उभी होती. सॉफ्टवेअरमधली बाई, सभेत कधी तोंड न उघडणारी. “ती मुलगी माझी. ‘हायएस्ट बिडर’ असं सर्टिफिकेट घेऊन घरी आली. आम्ही वाचलं फक्त ‘हायएस्ट’. ह्यांनी ते फ्रिजवर लावलं, स्पेलिंगच्या बक्षिसाशेजारी. आजीला फोन करून सांगितलं, पहिली आली म्हणून. कशात पहिली, हे आम्ही विचारलंच नाही. माझा विरोध लिहून घ्या आणि हात वर करायला सांगा.”

वड्यांकडे कोणी गेलं नाही. त्या मंडळात पहिल्यांदाच हात वर झाले, काही पटकन, काही शेजारच्याचा बघून. ठराव जेमतेम पास झाला. आणि लगेच खजिनदारांनी त्याला शेपूट जोडलं: पैसे देऊ, पण मंडळाचं नाव कुठेही यायला नको. बॅनर नाही, फोटो नाही.

कॉम्प्युटर दिले तेव्हा नाव चाललं. माणसं विकली गेली हे नीट शिकवायचं म्हटलं की गुप्तदान! मी भांडले. हरले. पैसे गेले, अनुदान मिळालं, धडे तयार झाले, आणि पुढच्या वर्षी त्या शाळेत लिलाव मांडला गेला नाही. इतिहासाच्या शिक्षिकेने मला विचारलं, “धड्यांच्या शेवटी आभार कोणाचे मानू?” मी म्हटलं, “काही कुटुंबांचे.” तिला कळलं. अशी भित्री देणगी तिला नवीन नसावी.

तो राग माझ्यात अजून आहे आणि तो मी गिळणार नाही. तुम्ही, अमेरिकेत बसून हे वाचणारे, कुठल्या ना कुठल्या मंडळाचे सभासद आहातच. या आठवड्यात मुलांच्या शाळेत जा. गुलामगिरी कोण शिकवतं, कशी शिकवतं आणि नीट शिकवायला त्यांना काय कमी पडतंय, ते समोर बसून विचारा. मग ते द्या. आणि खाली मंडळाचं पूर्ण नाव छापायला लावा.