वडिलांच्या शेजारची कबर

पहार जमिनीवर दोनदा हलकेच आपटायची, कान द्यायचा आणि म्हणायचं, "जरा इचारू द्या."

बदलापूरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती दफनभूमीचे राखणदार काका खणायला अशी सुरुवात करत. खाली जुनी कबर असली की आवाज बदलतो, असं ते सांगत. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. तरी मी मान डोलवायचो, कारण मी समितीचा सचिव होतो. माझी निवड झाली त्या बैठकीला मी गैरहजर होतो, एवढं सांगितलं की तुम्ही ओळखालच.

काका शेजारच्या खरवई गावचे, हिंदू शेतकरी. कारखान्यांत नोकरीला आलेल्या नगरकडच्या कुटुंबांनी ही जागा घेतली, तेव्हा राखण त्यांच्या वडिलांकडे होती, मग त्यांच्याकडे आली. लाकडी क्रूस वाळवीने खाल्ले, पावसाने उंचवटे सपाट केले. कोण कुठे आहे, हे फक्त काकांना ठाऊक.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मी नकाशा करायला घेतला. कंपनीत ड्राफ्ट्समन असल्याचा माज होताच. पहिली खूण ऐटीत वडिलांच्या कबरीवर केली.

काकांनी हातातली पहार खाली ठेवली. "दादा, राग नका मानू. बाबा तुमचे त्या करवंदीच्या जाळीशी हायेत."

वडिलांचा क्रूस पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला होता. मग जागा मी अंदाजाने धरली होती. म्हणजे नऊ वर्षं शेवंती ठेवून, हुकलेल्या बढतीचं रडगाणं मी एका परक्या माणसाला ऐकवत होतो. दोनदा तर त्याची माफीही मागितली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"त्या म्हाताऱ्याचं कोनीच येत नव्हतं. तुमी येत होता. बघून बरं वाटायचं."

"आणि माझे वडील?"

"त्यांना मी होतो ना."

करवंदीपाशी गवत कापलेलं होतं. चार दगड नीट मांडलेले, त्यांवर कालची जास्वंद. मी बराच वेळ तिथे बसलो. त्या दिवशी बढतीचा विषय काढायची लाज वाटली.

तीन वर्षांनी काका गेले. मला कळलं तोवर नदीकाठी अग्नी देऊन झाला होता. मी फुलं घेऊन खरवईला गेलो. पण ती ठेवायची कुठे? सचिव दारातच उभा. शेवटी काकूंनीच ती माझ्या हातातून घेतली, पाण्याच्या तांब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "बसा."