रजिस्टरातला मालक

डिसेंबरात नवरा हॉलंडला गेला. भाजीपाल्याच्या बियाण्यांवर काम करणारा माणूस. पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना तिकडच्या एका कंपनीनं तीन वर्षांसाठी बोलावलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. मी ताडकळसच्या शाळेत गणित शिकवत होते. वर्ष अर्धवट सोडायचं नाही, बिनपगारी रजा टाकायची आणि जूनअखेर निघायचं, असं ठरलं. तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी नवी दोनशे पानी वही आणली आणि पाच भाग पाडले: घर, शाळा, कागदपत्रं, सामान, कुत्रा.

कुत्र्याचा भाग सगळ्यात लांब झाला. माणसाला परदेशी जायला लागतात त्याहून जास्त कागद कुत्र्याला लागतात. आधी त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. मग रेबीजची लस. ही लस चिपच्या आधी दिलेली असेल तर ती धरतच नाहीत. लसीनंतर महिनाभर थांबून रक्त काढायचं, ते ठरावीक प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने पुन्हा थांबायचं. जूनअखेरपासून मी उलटं मोजत आले. चिप आणि लस फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेच्या आत व्हायलाच हवी होती. तारखेभोवती लाल चौकोन काढला.

कुत्रा म्हणजे कुणी खानदानी नव्हे. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या खिचडीच्या खोलीमागं सापडलेलं तपकिरी पिल्लू, उजवा कान दुमडलेला. मी पावणेदहाला घरातून निघायचे आणि सव्वापाचला परत यायचे. फाटकाची कडी वाजायच्या आत तो पलीकडं उभा असायचा, शेपूट फाटकावर आपटत. दिवसभर हा इथंच बसून आपली वाट बघतो, हे मला नऊ वर्षं खुपत होतं. शिक्षकांच्या खोलीत मी ते इतक्यांदा सांगितलं होतं, की उशिरापर्यंत बैठक चालली तर मुख्याध्यापकच म्हणायचे, "बाईंना सोडा, त्यांचा कुत्रा फाटकाशी बसलाय." सात तास वाट बघणारा प्राणी तीन वर्षं काय करील? म्हणून त्याला न्यायचंच. नवऱ्यानं तळमजल्यावरचं, मागं हातभर गवत असलेलं घर मुद्दाम शोधलं होतं.

परभणीच्या ज्या डॉक्टरांकडे चिप बसवायची होती, ते शिस्तीचे. फोनवर म्हणाले, "आधीच्या लसींची नोंद आणा. आणि मालकाचं नाव सगळीकडं एकच पाहिजे. दोन कागदांवर दोन मालक दिसले की फाइल अडकते."

मला हे ऐकून बरंच वाटलं. आपल्या जातीचा माणूस. मी त्यांच्याकडची शनिवारची वेळ घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी दोन रजिस्टरं उलटीपालटी केली. "बाई, तुमच्या नावावर कुत्रा न्हाई."

"नीट बघा. दरवर्षी लस दिलेली आहे."

"तुमच्या नावावर काहीच न्हाई. कोंबडीसुदिक न्हाई." मग त्यांनी वर्णनाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. "तपकिरी, नर, उजवा कान दुमडलेला. हा का? हा तर कंडक्टरचा हाय की!"

सात वर्षांच्या सात नोंदी. सगळ्या बाजाराच्या दिवशीच्या, सगळ्यांपुढं मालक म्हणून आमच्या शेजारच्या काकांचं नाव आणि त्यांची उजवीकडं कललेली सही.

हे काका म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. आमची भिंत एक. बायको वारल्याला आठ वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. ते कधीतरी कुंपणावरून सांगायचे, "टोचून आनलं बगा ह्याला," आणि मी "बरं झालं काका," म्हणून वहीतल्या ओळीवर खूण करायचे. घरात गॅसची फाइल आहे, विम्याची आहे, माझ्या दाढांचीसुद्धा आहे. कुत्र्याची नव्हती. 'कुत्रा, लस, बघणे' एवढी एक ओळ मी दर जानेवारीत जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवत होते, आणि बघत होते काका. डॉक्टरांसमोर उभं राहून हे कळणं काही सुखाचं नव्हतं.

पण वेळ कमी होता. मी शाळेत मधल्या सुट्टीत काकांच्या वतीनं एक अर्ज लिहून काढला: वरील कुत्र्यावरचा माझा मालकी हक्क मी सोडत असून तो कुत्रा अमुक यांच्या स्वाधीन करीत आहे. सही करायला जागा सोडली. संध्याकाळी तो घेऊन काकांकडे गेले.

काकांनी चष्मा लावून अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. "म्हंजी ह्यो इमानात जानार?"

"हो काका."

"खिडकी मिळंल का त्याला?"

"पेटीत बसून जायचं असतं. सामानाच्या भागात."

"आन् उतरल्यावर? तिथली कुत्री मराठीत भुंकतेत का?" ते हसले. अर्जाची घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. "उद्या देतो."

उद्या दिला नाही. परवाही नाही. तिसऱ्या दिवशी मी कुंपणावरून आठवण केली, तर म्हणाले, "पेन सापडंना बगा." चौतीस वर्षं कानावर पेन ठेवून काढलेला माणूस! मी घरात येऊन वहीत त्या ओळीखाली दुसरी लाल रेघ मारली. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. एका सहीसाठी चार महिन्यांचं गणित अडलं होतं, एवढंच मला दिसत होतं.

गुरुवारी पेटी आली. विमानात चालेल अशी पेटी परभणीत मिळाली नव्हती, ती हैदराबादहून मागवलेली. दुपारच्या गाडीनं येणार म्हणून मी अर्धी रजा टाकली आणि एकच्या सुमाराला बसस्टँडवर गेले.

स्टँडच्या बाकावर काका बसले होते. स्वच्छ सदरा, पायात चपला, मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र. आणि त्यांच्या पायाशी, दोन पंजांवर तोंड टेकून, माझा कुत्रा.

मी चहाच्या गाड्याशी थांबले. गाड्यावरच्या बाईनं माझी नजर कुठं आहे ते बघितलं. "ते व्हय? रोजचंच पाशिंजर हायती दोघं. अकराला येतेत, सगळ्या गाड्या बगतेत, एकीतबी बसत न्हाईत."

"रोज?"

"शनवार-आयतवार सोडून. तवा मालकीन घरी असती म्हने त्याची. एकटेच येतेत मग, आन् लवकर जातेत."

परभणीची बस आली. काकांनी कुणाला तरी हात केला, एका म्हातारीला पिशवी वर चढवायला मदत केली. कुत्र्यानं मान वर केली, धूळ बसेपर्यंत बघितलं आणि पुन्हा पंजांवर ठेवली. इतका निवांत मी त्याला घरी कधी पाहिला नव्हता. घरी तो सतत माझ्या मागं मागं असायचा.

काकांनी मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे उठले. "आज साळा न्हाई का, बाई? न्हाई, मी म्हनलं, ह्याला जरा पाय मोकळे..."

"दिवसभर इथं असतो तो?"

"दिवसभर न्हाई. बारा वाजता भाकर खातो, मग दोनला घरी जाऊन पडतावं आमी दोघं. पन साडेचारला बरोबर उठतो बगा. कितीबी झोप लागू द्या. तुमच्या फाटकापशी जाऊन बसतो, मागं वळून बगत न्हाई. मी म्हनतो, गेली ड्युटी त्याची चालू."

नऊ वर्षं मी ज्या सात तासांचं ओझं वागवत होते, ते पाऊण तासाचं निघालं. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. मला उलट कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. गाडीतून उतरवलेली पेटी मी रिक्षात टाकली आणि घरी आले.

संध्याकाळी पेटीची सवय लावायला घेतली. आत चादर, चादरीवर बिस्किटं, सगळं सांगितल्याप्रमाणं. कुत्रा चारी पाय रोवून उभा. ओढला, ढकलला, गोंजारला, काही नाही. काका कुंपणावरून बघत होते. शेवटी आत आले, पेटीच्या दाराशी उकिडवे बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला चला, आत सरका! मागं लय जागा हाय! दारात थांबू नका!"

कुत्रा निमूटपणे आत गेला आणि वळून बसला.

मी हसले, तेही हसले. मग त्यांनी खिशातून घडी काढून माझ्या हातात दिली. माझा अर्ज नव्हता तो. वहीच्या पानावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं: हा कुत्रा शेजारच्या बाईंचा आहे. पहिल्यापासून त्यांचाच आहे. त्यांना शाळा असल्यामुळे मी फक्त टोचायला नेत होतो. रजिस्टरात माझं नाव चुकून लागलेलं आहे. खाली कललेली सही.

"हक्क सोडतो असं लिवायला मला जमंना," ते म्हणाले. "नसलेला हक्क काय सोडायचा? हे चालंल ना?"

चालण्यासारखंच होतं. मी ते फाइलला लावलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून अकराला आले, तर दारात परभणीला जायची गाडी उभी आणि तिच्याजवळ काका, कुत्रा आणि पेटी तयार. त्यांनी त्याला आंघोळ घातली होती. गळ्यात नवा पट्टा होता. वाटेत खायला म्हणून फडक्यात भाकरी बांधली होती. ते कुत्र्याकडे बघत नव्हते, गाडीच्या टायरकडे बघत होते.

मी गाडीवाल्याला म्हटलं, "आज नको. जा तुम्ही."

"का?" काका म्हणाले. "तारीख चुकंल तुमची!"

"चुकू द्या. तो इथं राहील. तुमच्याकडं."

ते चिडले. खरोखर चिडले. "हे काय पोरखेळ हाय का, बाई? दोन रोज मी त्याला पेटीत बसवायलोय, मनाला समजावायलोय, आन् तुमी आता सांगतावं? दया करायला निघालात का माझी?"

"दया नाही काका. हिशोब केलाय." आणि तो मी त्यांना तिथंच, फाटकात उभं राहून सांगितला. नऊ वर्षांचा कुत्रा, एवढा प्रवास, परक्या थंडीत दोन खोल्या, आणि तिथं मलाही काम लागलं तर पुन्हा बंद दाराआड सात तास. इथं त्याचा आख्खा दिवस आहे. तो मी बघितला. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

काकांनी गाडीवाल्याला हातानं जा म्हणून खुणावलं. बराच वेळ कुत्र्याच्या दुमडलेल्या कानाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आन् साडेचारला तो फाटकापशी जाईल, त्याचं काय करू?"

पुढच्या चार महिन्यांत मी त्यांना लसीचा महिना, पशुवैद्याचा फोन, जंताच्या गोळ्यांची मापं असं सगळं एका पानावर लिहून दिलं, ते वाचून म्हणाले, "हे मला समदं ठाऊक हाय की." साडेचारचा प्रश्न मात्र तसाच राहिला. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "जाऊ द्या त्याला. अंधार पडायला लागला की हाक मारा."

आता रविवारी फोन होतो. काका आधी पाऊसपाणी सांगतात, मग स्टँडवर कोण भेटलं ते, मग कुत्र्यानं काय खाल्लं. सुरुवातीचे तीन आठवडे तो रोज फाटकाशी गेला. हाक मारली की यायचा, पण उशिरानं. मग कधी जायचा, कधी नाही. परवा काका म्हणाले, "ह्या आठवड्यात एकदाबी गेला न्हाई, बाई," आणि हे सांगताना त्यांनी आवाज इतका खाली आणला, की मला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मी म्हटलं, "बरं झालं काका." आणि मला बरंच वाटलं. बऱ्याच अंशी.