सारजाबाईंनी काशीत काय सोडलं

ज्यांना आंबाडीची भाजी आवडत नाही त्यांच्याशी मी फारसं बोलत नाही. ही खोड मला सारजाबाईंनी लावली आणि तिचं मला जराही वाईट वाटत नाही.

सत्त्याऐंशी साली बँकेनं माझी या शहरात बदली केली आणि आम्ही पुंडलिकनगरात सारजाबाईंच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. खाली त्या, त्यांचे यजमान पुंजाराम आणि दोन मोठे मुलगे. पुंजाराम एका कंपनीत वॉचमन होते. माणूस सालस, पण कायम तोंडात मिठाची गुळणी धरलेला. मूळचे हे लोक कन्नड तालुक्यातले. गावची जमीन थोरले दीर नानासाहेब बघत. गावाकडच्या कुटुंबाचं शहरात घर म्हणजे काय असतं, ते ज्याचं आहे त्यालाच कळतं. दवाखान्याला आलेला, कोर्टाच्या तारखेला आलेला, पोराच्या ॲडमिशनला आलेला, जो तो संध्याकाळी एस.टी.तून उतरून सारजाबाईंच्या मागच्या अंगणातल्या चुलीपुढं हजर. नानासाहेब स्वतः आठवड्यातून एकदा यायचे आणि येताना दोघांना घेऊन यायचे.

सारजाबाई सगळ्या पालेभाज्या करायच्या. तांदुळजा, करडई, चिवळ, घोळ, हरभऱ्याचे शेंडे. पण त्यांचा जीव आंबाडीवर. परसात त्यांनी स्वतः लावली होती. पाला उकडायचा, आंबट पाणी काढून टाकायचं, मग ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून तो लाकडी रवीनं घोटायचा. ताटात वाढली की मध्ये आळं करायचं आणि त्यात लाल झालेल्या लसणाचं तेल ओतायचं. त्या फोडणीचा वास आमच्या जिन्यापर्यंत यायचा आणि मी माझी गवार ढवळत उभी राहायची.

वरच्या खिडकीतून मला ते अंगण दिसायचं. पुरुष पाटावर बसलेले, सारजाबाई तव्यावरची भाकरी टम्म फुगवून ताटात टाकतायत, "अजून घ्या, अजून घ्या" म्हणतायत. सगळे उठले की त्या पातेलं पुढं ओढायच्या. त्यात पळीला लागलेलं, बुडाला चिकटलेलं, तेवढंच. मग सकाळची वाळलेली भाकरी पाण्याचा हात लावून त्याबरोबर खायच्या. एकदा न राहवून मी नानासाहेबांना म्हटलं, "अहो, सारजाबाईंसाठी काही ठेवत जा." ते मिशीवरून हात फिरवत हसले. म्हणाले, "आमच्या सारजाला शिळंच गोड लागतं."

हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की घरातल्या सगळ्यांना ते खरं वाटू लागलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नानासाहेबांनी गावातली पस्तीस माणसं जमवून काशीयात्रेची बस काढली. सारजाबाई आणि पुंजारामही गेले. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ तिथं सोडून यायचा, तो पुन्हा जन्मात खायचा नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. पुरुष मंडळी यात फार हुशार. माझ्या वडिलांनी कारलं सोडलं. कारलं त्यांनी कधी तोंडात घातलंच नव्हतं. आईनं मात्र अळूचं फदफदं सोडलं, खरोखर आवडीचं, आणि पुढं बावीस वर्षं ती वडिलांसाठी ते रांधत राहिली, चव न घेता. मीठ कधी चुकलं नाही. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

काशीत काय झालं ते मला सारजाबाईंनी सांगितलं, आणि बसमधल्या आणखी दोघींनी त्यावर शिक्का मारला. घाटावर मराठी जाणणारे एक गुरुजी होते. ते एकेकाच्या ओंजळीत पाणी घालायचे, पदार्थाचं नाव घ्यायला लावायचे आणि पाणी गंगेत सोडायला सांगायचे. नानासाहेबांनी दुधी भोपळा सोडला. दुधी त्यांच्या घरात शिजतच नव्हता. पुंजारामांनीही दुधीच सोडला, कारण भावानं सोडला होता. नानासाहेबांच्या बायकोनं, दगडाबाईंनी, नवऱ्यानं सांगितलं म्हणून पेरू सोडले. मग सारजाबाईंची पाळी आली.

"हिची आंबाडी सोडवा गुरुजी," नानासाहेब परस्पर म्हणाले. "शहरात घर झालं तरी हिच्या चुलीवर तेच गरिबाचं गरगट. सुटू द्या एकदाचं."

सारजाबाईंनी ओंजळ घट्ट धरली. "आंबाडी मी सोडत नाय."

"मग काय सोडती?"

"शिळं."

गुरुजी गोंधळले. "बाई, आवडीची वस्तू सोडायची असते."

"आवडीचीच हाय की. तीस वर्सं रोज खाते. भावजीच म्हनत्यात, सारजाला शिळंच गोड लागतं. इचारा त्यांना." आणि कुणी काही बोलायच्या आत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "शिळं सोडलं, उरलंसुरलं सोडलं, आन् समद्यांच्या मागून जेवनं सोडलं. गंगामाई, तू साक्षी." ओंजळ रिकामी झाली. मागं रांग खोळंबली होती. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि पुढच्याला बोलावलं.



परत आल्या त्या संध्याकाळी सारजाबाईंनी मला प्रसाद घ्यायला खाली बोलावलं. आता खरी अडचण होती भाकरीची. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, हे आपल्या पुरुषांचं ठाम मत, आणि म्हणून भाकरी करणारी बाई जेवायला शेवटी. सारजाबाईंनी सगळ्या भाकरी आधी करून टोपलीत फडक्याखाली झाकल्या. मग पातेलं मध्ये आणलं, पाच ताटं मांडली आणि पाचव्या ताटापुढं स्वतः बसल्या.

"आई, मला तव्यावरची दे ना," धाकटा कुरकुरला.

"तव्यावरची पायजे तर परातीला बस."

तो परातीला बसला नाही. झाकलेली भाकरी मुकाट्यानं मोडू लागला. पुंजाराम तर मान खाली घालून अशा वेगानं जेवत होते की जणू गाडी सुटणार आहे. सारजाबाईंनी आंबाडीत आळं केलं, तेल घातलं, पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"गरम आशी लागती व्हय?" त्या मला म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पण गोष्ट एवढ्यावर संपणारी नव्हती. काशीहून आल्यावर गावाला मावंदं घालायचं असतं, यात्रेचं जेवण. नानासाहेबांनी निरोप धाडला, "शहरात काय थेरं करायची ती करा. माझ्या मांडवात रांधणाऱ्या बायका शेवटीच बसतील."

सारजाबाईंनी तो निरोप मला ऐकवला आणि म्हणाल्या, "मीनाताई, तिथं नाय बसले तर हितलं बसनंबी चार दिसांत जाईल. पोरंबी म्हनतील, आईचं वरत गावानं मोडलं. तुमी चला माझ्यासंगं." मी रजा टाकली आणि जीपनं त्यांच्याबरोबर गेले.

दारात मांडव घातला होता. लापशी, वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी. सारजाबाई आणि दगडाबाई पहाटेपासून आणखी पाच बायकांबरोबर चुलीवर होत्या. एका मोठ्या पातेल्यात आंबाडीही शिजत होती. मावंद्याला आंबाडी कसली, म्हणून नानासाहेब दोनदा ओरडून गेले. सारजाबाईंनी रवी थांबवली नाही.

पहिली पंगत बसली. सगळे पुरुष, गावातले जाणते लोक पुढं. सारजाबाईंनी हात धुतले, पदर खोचला, मांडवात आल्या आणि ओळीच्या शेवटी मांडी घालून बसल्या. स्वतःची पत्रावळ स्वतःच मांडली.

नानासाहेब समोर येऊन उभे राहिले. "सारजा, ऊठ."

"कशी उठू भावजी? काशीचं वरत हाय. मोडलं तर पाप लागंल, आन् यात्रेचे पुढारी तुमी."

कुणीतरी खोकलं. एक म्हातारे पुटपुटले की काशीचं मोडू नये. नानासाहेबांनी वाढप्यांकडे नुसतं बघितलं. वाढप्यांना तेवढं पुरलं. लापशी आली, सारजाबाईंची पत्रावळ ओलांडून गेली. वरण गेलं. भात गेला. दोन हात अंतरावर बसलेले पुंजाराम आपल्या पत्रावळीत डोळे घालून बसले होते. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. सारजाबाई ताठ बसल्या होत्या. रिकाम्या पत्रावळीवर माशी बसली, ती त्यांनी हातानं उडवली.

तेवढ्यात चुलीकडून दगडाबाई आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ज्यांचा आवाज ओसरीपर्यंत आला नव्हता, त्या बाई. कडेवर आंबाडीचं पातेलं, हातात भाकरी. त्यांनी जावेच्या पत्रावळीवर दोन पळ्या आंबाडी वाढली, भाकरी ठेवली. आणि मग तिथंच, धुळीत, शेजारी बसल्या.

"तुझं काय?" नानासाहेब ओरडले. "तू पेरू सोडलेस!"

"पेरू तुमी सोडलेत, माझ्या हातानं," दगडाबाई म्हणाल्या. "माझं मी आता सोडते. शिळं. काशी लांब हाय, मी हितंच सोडलं."

चुलीजवळच्या पाच जणी एकमेकींकडे बघत आल्या आणि ओळीत बसल्या. चूल तशीच जळत राहिली. वाढपी घमेली धरून उभे, नानासाहेब मध्ये उभे. मग पुंजाराम उठले. पंगत संपायच्या आत ताटावरून उठू नये असं आपल्यात मानतात. ते अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले, चुलीजवळची भाकरीची टोपली उचलली आणि बायकोपुढं येऊन वाकले.

सारजाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि शेजारी बसलेल्या थोरल्या जावेकडे बोट केलं.

"माझी झाली सुरुवात," त्या म्हणाल्या. "आक्कांना वाढा आधी. चाळीस वर्सं झाली, त्यांनी गरम भाकर खाल्ली नाय."