शांत केलेला दिवा

गाडी कोणाचीही असो, सुभेदारकाका आधी तिच्या मागे उकिडवे बसायचे आणि धूर हुंगायचे. "इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतो," म्हणत मगच बॉनेट उघडायचे. उभी हयात फौजेच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. निवृत्तीनंतर साताऱ्याला न परतता आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत तळमजल्यावर राहिले आणि अख्ख्या पार्किंगचे वैद्य झाले.

घरात मात्र काकूंचं राज्य. दिवा 'विझला' म्हणायचं नाही, 'शांत झाला' म्हणायचं, हा त्यांचा दंडक. दिल्लीकडे राहून काका कितीतरी मराठी शब्द विसरले, हा नाही विसरले.

एकदा त्यांच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. धूर साफ करणारा डबा निकामी झाला होता आणि त्याच्यामागचा सेन्सर बिचारा इमानाने तेच सांगत होता. काकांनी डबा बदलला नाही. सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सोल्डर केला, की गाडीच्या कंप्युटरला सगळं आलबेल. "केला ना शांत? बिल्कुल चूप!" पुढच्या रविवारी माझ्याही गाडीचा दिवा त्यांनी तसाच शांत करून दिला. ऑफिसात मी तोंड दुखेपर्यंत त्यांची स्तुती केली.

आमच्या दोन्ही गाड्या काकूंच्या खिडकीखाली उभ्या असत. थंडीत रोज सकाळी आम्ही तिथेच इंजिन गरम करायचो. काकूंना दमा होता. एकदा खिडकीतून म्हणाल्या, "तुमच्या गाड्या बऱ्या झाल्या, खोकला तेवढा मला देऊन." आम्ही दोघेही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. कारण स्वतःच्या गाडीमागे काका आता हुंगायला बसत नाहीत, हे मी पाहिलं होतं आणि गप्प राहिलो होतो.

त्याच थंडीत काकूंना दवाखान्यात हलवावं लागलं. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "शांत झाली रे."

मला वाटलं, धाप उतरली. "बरं झालं, काका!" मी म्हणालो.

पलीकडून काकांनी फोन ठेवून दिला. मग मला समजलं.

डॉक्टर म्हणाले, दिल्लीची हवाच अशी. मीही स्वतःला तेच सांगतो. दोन गाड्यांनी काय होतंय!

तेरावं झाल्यावर काकांनी आपल्या वायरीतला जोड काढून टाकला. दोन-तीन दिवसांत पिवळा दिवा पुन्हा लागला. त्याच्याकडे बघत ते गाडीत बसले होते.

"आता डबाच बदला ना, काका."

"बदलतो. यार, खरं बोलत होता हा. मीच तोंड दाबलं त्याचं." मग हात पुढे केला. "पक्कड आणलीये. चल, तुझी चावी दे."

मला ऑफिसची घाई होती. "रविवारी बघू," म्हणालो.

शनिवारीच काकांचा मुलगा येऊन त्यांना साताऱ्याला घेऊन गेला.

ती खिडकी आता बंद असते. मी गाडी अजून तिच्याच खाली गरम करतो. दिवा शांत आहे.