आक्काच्या बांधावरचं गवत

आक्का शिरोळहून माझ्याकडे आली तेव्हा तिची नजर जवळजवळ गेलीच होती. काचबिंदू उशिरा कळला. आता उजेड कुठं आणि अंधार कुठं, एवढंच तिला समजायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दर पंधरवड्याला न्यायचं होतं, म्हणून उन्हाळाभर तिनं कोल्हापुरात राहावं असं तिच्या मुलानं आणि मी ठरवलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. हे तिनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला सुनावलं.

आक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई शेतात राबायची, त्यामुळं मला सांभाळलं ते तिनंच. मी शाळेत जायला लागलो आणि तिचं लग्न झालं. नंतर आमच्या भेटी सणासुदीच्या. दोन महिने एका घरात आम्ही पुन्हा राहिलो ते आता, माझ्या निवृत्तीनंतर.

निवृत्त झाल्यापासून मला छोटे देखावे करायचा नाद लागलाय. प्लायवूडच्या तुकड्यावर एखादं स्टेशन, एखादा पाणवठा. त्या वेळी मी कसबा बावड्यातल्या आमच्या जुन्या शेताचा देखावा करत होतो. आता तिथं अपार्टमेंट उभी आहेत. मी काम करत असताना आक्का शेजारच्या खुर्चीत बसून असायची. एक दिवस म्हणाली, "नुसता खुडबुड आवाज येतोय. दाव की काय चाललंय."

मी तिचा हात धरून देखाव्यावर ठेवला. तिची बोटं सावकाश फिरली.

"ही हीर. ह्यो आंबा. आनि ह्यो बांध व्हय?"

"बरोबर."

"मग बांधावर ह्ये काय सांडलंय?"

"गवत आहे आक्का."

"ह्ये गवत न्हाय रं. भुसा हाय."

खरंच भुसा होता. लाकडाचा, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला. बघणाऱ्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. बोटांना मात्र तो फसवू शकला नाही.

देखाव्यात गवत उभं करायचं यंत्र मिळतं, हे मला माहीत होतं. नायलॉनचे बारीक हिरवे तंतू त्यातून विजेचा भार घेऊन खाली पडतात आणि ओल्या डिंकात सरळ उभे राहतात. डास मारायच्या बॅटमधून ते घरीही बनवता येतं, असं मी वाचलं होतं. मग मोबाईलवरून तंतूंचं पाकीट मागवलं. बायकोनं स्टीलची गाळणी दिली, आणि दुसरी आणून दिल्याशिवाय चहा मिळणार नाही असं बजावलं. बॅट आणि गाळणी घेऊन मी उचगावला गेलो. तिथं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो.

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. बॅट उघडली, जाळीच्या दोन्ही वायरी सोडवल्या. एक गाळणीला जोडली, दुसरी लांब करून तिच्या टोकाला खिळा बांधला. गाळणी बॅटच्या प्लास्टिकच्या मुठीवर घट्ट बसवली.

"पावणं, खेळणं समजू नका," तो म्हणाला. "बटण सोडलं तरी आत करंट ऱ्हातोय. खिळा गाळणीला टेकवायचा, चट् वाजलं की मगच हात लावायचा. वायरीचं रबर धरायचं, खिळा न्हाय. करून दावा बघू."

त्यानं माझ्याकडून ते पाच वेळा करून घेतलं. मजुरी विचारली तर म्हणाला, "गवत उगवलं की दावायला या."

घरी येऊन बांधावर पांढरा डिंक फासला, त्यात खिळा रोवला, गाळणीत तंतू भरले आणि बटण दाबून हलवू लागलो. तंतू खाली पडले आणि आडवेच झाले. पिंजून पडलेल्या कापसासारखे. खरवडून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी वैतागून म्हणालो, "मशीनच चालत नाही."

आक्काचा हात टेबलावर होता. "चालतंय की," ती म्हणाली. "माझ्या हातावरचं केस उभं ऱ्हायल्यात."

मी बटण सोडलं, खिळा गाळणीला टेकवला. चट् वाजलं. मग तिनं डिंकावर बोट फिरवलं.

"ह्याच्यावर साय धरलीया. उन्हाळा हाय लेका, आनि तू सगळा बांध एकदम सारवून बसलास. आमी शेणानं सारवताना एवढं एवढं घ्यायचो आनि फुडं सरकायचो. पानी घाल जरा."

मी डिंकात पाणी घातलं, वीतभरच लावला आणि त्यात खिळा रोवला. बटण दाबलं. यावेळी तंतू पडता पडताच ताठ झाले आणि एकाशेजारी एक उभे राहिले. बघता बघता तेवढा बांध हिरवा झाला.

"बघ आक्का, बघ!" मी ओरडलो, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

तिनं मनाला लावून घेतलं नाही. "वाळू दे. उद्या बघती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उलट्या हातानं गवत चाचपलं. खालून वर, वरून खाली. मग विहिरीपासून थोडं अलीकडं बोट टेकवलं.

"हितं बसवायची तुला. कमरंला माझी ओढनी बांधून, दुसरं टोक आंब्याला. मी गवत कापायची. एकदा गाठ सुटली. बघते तर तू रांगत हिरीच्या काठावर. हातातला विळा टाकून पळाले, तर त्योच पायात आला."

तिनं पाय पुढं केला. घोट्याजवळ पांढरा, लांब व्रण होता. इतकी वर्षं मी तो बघत आलो होतो आणि काटा लागला असेल असं धरून चाललो होतो.

"घरात काय सांगितलंस?"

"काच लागली म्हनून सांगितलं. आईनं वर दोन धपाटं घातलं, बघून चालत न्हाईस म्हनून."

"मला तरी सांगायचंस की कधी."

"काय सांगायचं त्यात? तू पडला न्हाईस न्हवं?"

मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, टक्कल चाचपलं आणि हसायला लागली.

नंतरचे दिवस तिनं माझ्याकडून शेत दुरुस्त करून घेतलं. पाटाकडेला गवत उंच हवं, पायवाटेवर विरळ हवं, आंब्याखाली नकोच. मिस्त्रीला देखावा दाखवला, तर त्यानंही डोळे मिटून हात फिरवून पाहिला.

डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही. आक्का शिरोळला परत गेली तेव्हा देखावा तिच्या मांडीवर होता. आता तो तिच्या खाटेशेजारी असतो. फोनवर मी विचारलं की सांगते, आज शेजारणीला बांधावरनं फिरवून आणलं.