टीचरांची वाडी आणि सरांचे ॲडॅप्टर

वसई तालुक्यात वीज पहिल्यांदा कोणत्या गावात आली हे मला ठाऊक नाही. पण ती जिथे जिथे जाऊन गोंधळली, तिथे तिथे आमचे सर हातात पेचकस घेऊन पोचलेले आहेत, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. काही ठिकाणी सर आधी पोचले आणि वीज नंतर गोंधळली, असं म्हणणारे लोकही गिरीजपासून नंदाखालपर्यंत भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. सर आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवायचे आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क. त्यांच्या तासाला मुलांनी केलेले लाकडी स्विचबोर्ड अजून कितीतरी घरांत भिंतीवर आहेत, आणि त्या सगळ्यांची बटणं वर केली की चालू होतात, खाली केली की बंद. उरलेल्या भारतात हे उलट आहे. सरांच्या मते उरलेला भारत चुकला आहे. त्यामुळे एखाद्या अनोळखी घरी पंखा लावायला म्हणून मी बटण खाली केलं आणि दिवा विझला, की यजमानांना लगेच विचारतो, "तुम्ही सरांचे विद्यार्थी का हो?" आजवर एकदाही नाही असं उत्तर आलेलं नाही.

सरांना काही विचारायचं म्हणजे घरी सांगून निघावं लागतं. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा मी फक्त "काय झालं असेल?" एवढंच विचारलं होतं. सरांनी तांब्याच्या अणूपासून सुरुवात केली. समजावताना त्यांना आकृती काढावीच लागते, आणि ती काढायला समोर येईल ते चालतं. कुणाच्या लग्नाची पत्रिका, केळीचं पान, आणि एकदा तर माझा तळहात. त्या तळहातावर काढलेला ट्रान्सफॉर्मर चार दिवस गेला नाही. शेवटी ते "कळलं?" असं विचारतात आणि मी "हो" म्हणतो. मग ते म्हणतात, "मग आता तू सांग." इथे मला नेहमी काहीतरी तातडीचं काम आठवतं. आमची ओळख वीस-बावीस वर्षांची आहे आणि तेवढ्या काळात मला त्यांचं एकही स्पष्टीकरण शेवटपर्यंत कळलेलं नाही. पण ते समजावत असताना आपल्याला सगळं कळतंय असं वाटतं, आणि ते वाटणं फार सुखाचं असतं. त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जात राहिलो.

गिरीजला त्यांचं कौलारू घर आहे, मागे केळीची आणि नारळाची वाडी. वाडीचं सगळं त्यांचे धाकटे भाऊ बघतात, कारण सर वाडीत गेले की पंप उघडून बसतात. ओट्यालगतच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांची चळत आहे आणि प्रत्येक डब्यावर फळ्यावरच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी आहे. 'लांब वायरी'. 'लांब वायरींचे तुकडे'. 'कशाचे तरी ॲडॅप्टर'. 'कशाचेही नाहीत असे ॲडॅप्टर'. हा शेवटचा डबा सगळ्यांत मोठा. जगात न जुळणारं असं काही नसतं, मधला तुकडा सापडायचा बाकी असतो, यावर त्यांची प्रभू येशूच्या खालोखाल श्रद्धा आहे. त्यांच्या पत्नी आमच्याच शाळेत मराठी शिकवायच्या. आम्ही त्यांना टीचर म्हणायचो. नवराबायको आपसांत घरच्या बोलीत बोलायचे, ती मला आजतागायत निम्मीच कळते. पण माझ्याकडे वळल्या की टीचर स्वच्छ शाळेच्या मराठीत नवऱ्याची फिरकी घ्यायच्या. "ह्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ आम्हांला चर्चमध्ये मिस्सेला अगदी वेळेवर पोचवतं," त्या म्हणायच्या, "फक्त कालच्या." सर त्यावर घड्याळ काढून पुन्हा उघडायला बसायचे.

मग टीचर आजारी पडल्या आणि दीडेक वर्ष अंथरुणालाच खिळल्या. वाचायला घेतलं की डोकं दुखायचं, टीव्हीचा आवाज सोसवायचा नाही. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्या कपाटात लहानपणचा एक व्हिडिओ गेम होता, हातात धरून खेळायचा, राखाडी रंगाचा, चार सेलांवर चालणारा आणि पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या हिरवट काचेचा. त्यात एकच कॅसेट होती, शेतीच्या खेळाची. जमीन नांगरायची, बी पेरायचं, रोज पाणी घालायचं, रात्र झाली की शेतकऱ्याला झोपवायचं. टीचरांना त्याचा नाद लागला. जन्मभर वह्या तपासल्यामुळे घरामागच्या वाडीत त्यांना कधी उतरता आलं नव्हतं. आता आडव्या पडून दोन अंगठ्यांनी त्या शेती करू लागल्या. मी भेटायला गेलो की विचारपूस करायच्या आधीच सांगायच्या, "आज कोबी काढला बरं का. उद्या मुळा लावीन." मला वाटायचं गोळ्यांमुळे भ्रम होतोय. मी सहानुभूतीने मान हलवायचो. सर सेल बदलून द्यायचे आणि शेजारी बसून रेडिओ उघडायचे.

टीचर गेल्या. महिनाभर सरांनी कुणाच्या घरचं काही उघडलं नाही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "ये." मी गेलो तर तो राखाडी गेम टेबलावर होता. सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि त्या काचेला आतून उजेडही नव्हता. "तिची वाडी ह्याच्या आत आहे," सर म्हणाले. "जशी ठेवून गेली तशी. मला दिसत नाही रे. मला ती मोठी बघायची आहे. टीव्हीवर." एवढं वाक्य मला त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच पहिल्या फटक्यात कळलं. पुढचं नेहमीप्रमाणे कळलं नाही. त्या कॅसेटच्या पोटात म्हणे शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो, आणि तो संपला की आतलं सगळं पुसलं जातं. तो वीस वर्षांचा झाला होता. सरांनी कॅसेट उघडली, जुना सेल चालू असतानाच त्याच्या बाजूने नवा जोडायला घेतला आणि बॅटरी माझ्या हातात दिली, म्हणजे उजेडाची. "तुझा हात हलला तर माझा हलेल," ते म्हणाले, "आणि माझा हलला तर ती गेली." मी श्वासही घेतला नाही. सेल बसला.

मग ॲडॅप्टरचा शोध सुरू झाला. इथून पुढे मी जे लिहितो आहे ते मला समजलेलं आहे, असा वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. चर्चच्या सणाच्या पत्रकामागे सरांनी काढलेल्या आकृतीप्रमाणे ते असं होतं: हातातल्या गेमची छोटी कॅसेट एका मोठ्या कॅसेटमध्ये बसवायची, ती मोठी कॅसेट म्हणजे ॲडॅप्टर, तो टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यात बसवायचा, मग छोटा खेळ मोठ्या टीव्हीवर दिसतो. "म्हणजे गेमला गेम जोडायचा?" मी विचारलं. "नाही. डब्याला वाटलं पाहिजे की ही त्याचीच कॅसेट आहे." "आणि कॅसेटला?" "कॅसेटला वाटलं पाहिजे की ती घरीच आहे." मी म्हणालो, "हो."

डबा अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्याने माळ्यावरून काढून पाठवला. ॲडॅप्टर बोटीवर नोकरीला असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने आणायचं कबूल केलं. पहिल्या खेपेला त्याने ॲडॅप्टर म्हणून त्या गेमचा चार्जर आणला. तो 'कशाचेही नाहीत' या डब्यात गेला. दुसऱ्या खेपेला आलेल्या वस्तूत छोटी कॅसेट शिरेचना, पण तिच्या स्वतःच्याच पोटात शेकडो खेळ होते. मी उत्साहाने म्हणालो, "सर, आता कितीतरी खेळ आले की!" सर एवढे चिडले की त्यांनी आकृतीसुद्धा काढली नाही. "मला एक हवाय," ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला बरोबर वस्तू आली, पण ती जपानी होती आणि अमेरिकन डब्याच्या तोंडात दोन प्लॅस्टिकचे दात होते, ते तिला आत येऊ देईनात. ते दात घासायला आम्ही स्कूटरवरून गोखिवऱ्याला एका गाळ्यात गेलो. तिथे दरवाज्यांच्या कड्या बनत होत्या आणि मालक अर्थातच सरांचा विद्यार्थी होता. त्याने मशीन बंद करून हातानेच कानस चालवली. नंतर कळलं की डब्याला आपल्या निम्मी वीज लागते, म्हणून एक ट्रान्सफॉर्मर आला. मग कळलं की डब्याला पिवळी-पांढरी-लाल अशी तीन शेपटं आहेत आणि नव्या टीव्हीला तसली भोकंच नाहीत, म्हणून त्या दोघांच्या मध्ये आणखी एक डबी आली. टेबलावर ही सगळी वरात एकामागे एक लागली तेव्हा मला वाटलं, यातून काही दिसलंच तर तो चमत्कार असेल, आणि त्यासाठी फादरांना बोलवायला हवं.

एका रविवारी मिस्सेनंतर सरांनी बटण वर केलं. आधी नुसता काळोख. मग टीव्हीभर नक्षीदार चौकट उमटली आणि त्या चौकटीच्या मधोमध टीचरांची वाडी आली. एक घर, एक गाय, एक विहीर, सहा वाफे. पाच वाफे रिकामे होते आणि सहाव्यात दोन-दोन पानांची रोपं. घराच्या दारात टोपी घातलेला बोटभर शेतकरी उभा होता. खेळ सुरू करताना त्याला नाव द्यावं लागतं म्हणे. ते वर कोपऱ्यात इंग्रजीत दिसत होतं. टीचरांनी त्याचं नाव ठेवलं होतं, सर. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वायर ढिली आहे," आणि टीव्हीच्या मागे गेले. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. ते बराच वेळ मागेच होते.

तेव्हापासून दर रविवारी तो कार्यक्रम ठरून गेला. सर त्या माणसाला वाडीभर एक फेरी मारायला लावायचे, गाईपाशी थोडं थांबवायचे आणि मग सगळं तसंच बंद करून टाकायचे. पाणी घालायचं नाही, काही काढायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला झोपवायचं नाही. "तो झोपला की दिवस लिहिला जातो," सरांनी समजावलं. "मग तिचा दिवस पुसला." न झोपवता बंद केलं की पुढच्या रविवारी पुन्हा तीच टीचरांची सकाळ. मी विचारलं, "पण सर, रोपं?" "रोपांना काही होत नाही. वेळच जात नाही ना तिथे." पाच महिने आम्ही ती एकच सकाळ बघितली. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण सरांना बघून बरं वाटतंय हे कळत होतं, आणि तेवढं मला पुरे होतं.

आता माझी चूक. मी देशावरचा माणूस. आमच्या गावी मार्चपासून टँकर. कोरड्या मातीत उभं असलेलं रोप दिसलं की माझे हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. त्या रविवारी सर आत फुगे गरम करायला आणि कॉफी करायला गेले. फुगे म्हणजे हवेचे नव्हेत, इथल्या ख्रिस्ती घरांतले, मैद्याचे, तळलेले. जाताना त्यांनी रिमोटसारखं ते यंत्र माझ्या हातात दिलं. "धर. काही दाबू नकोस." मी धरून बसलो. समोर सहावा वाफा, कोरडा ठक्क. एक बटण चुकून दाबलं गेलं आणि त्या माणसाच्या हातात झारी आली. आता झारी आलीच आहे, तर दोन रोपांना पाणी घालून काय बिघडणार? मी सगळ्या वाफ्याला घातलं. फार समाधान वाटलं. मग म्हटलं, गरिबाला उन्हात कशाला उभं ठेवायचं, म्हणून त्याला घरात नेलं. घरात एकच खाट होती. तिच्याशेजारी उभा करून मी एक बटण दाबलं, तर तो पांघरूण घेऊन आडवा झाला आणि टीव्ही काळा झाला.

सर ताट घेऊन आले तेव्हा अंगाईसारखं काहीतरी वाजत होतं. "काय केलंस?" "पाणी घातलं, सर." "आणि?" "झोपवला," मी म्हणालो. सरांनी ताट खाली जमिनीवरच ठेवलं. ते रागावले असते तर मला चाललं असतं. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तिचा शेवटचा दिवस होता रे तो." इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. दीड वर्ष त्या बाईंनी अंगठे दुखेपर्यंत जे केलं, पुढे पाच महिने ह्या माणसाने जे जपलं, ते मी दोन मिनिटांत भलेपणा करून मोडलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर उजाडलं. तो माणूस दारात येऊन उभा राहिला. सहाव्या वाफ्यात पानं टरारून वाढली होती आणि मातीच्या वर पांढरी पांढरी डोकी आली होती. सर पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आले?"

"आलेत, सर."

"तिने लावलेले."

"हो."

त्यांनी माझ्या हातातलं यंत्र घेतलं आणि त्या माणसाला हळूहळू वाफ्यापाशी नेऊन उभं केलं. कॉफीवर साय धरली. बाहेर भावाचा पंप सुरू झाला. "मुळा वेळेवर नाही काढला तर जून होतो," सर म्हणाले, माझ्याशी की आणखी कुणाशी ते मला कळलं नाही. मग त्यांनी अंगठा दाबला. पडद्यावरच्या माणसाने मुळा उपटला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तसाच वाट बघत उभा राहिला. तो आता ठेवायचा कुठे, हे सरांना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. आणि ज्यांना माहीत होतं, त्यांना हाक मारायला म्हणून सरांनी सवयीने आतल्या खोलीकडे मान वळवली.