ओटीतले फ्यूज

नातीला इंजिनिअर व्हायचं होतं. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं एवढंच कळत होतं की विजेनं माणूस मरतो. आमच्या शिवारात एक जण विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि स्टार्टरच्या पेटीलाच चिकटला. घरी आणला तेव्हा त्याचा हात मी पाहिला होता.

नात जिल्हा परिषदेच्या शाळेत दहावीला होती. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्या पोरांचा तिथले सर सकाळी जादा तास घेत. आपली पोरं कॉलेजातल्या यंत्रांसमोर उभी राहिली की हात मागे घेतात, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी काम दिलं. घरचं एक यंत्र उघडायचं, आतलं चित्र काढायचं, पुन्हा जोडायचं. कोणी पंखा घेतला, कोणी मिक्सर. आमच्या पोरीनं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर घेतला.

"मरशीन ना वं," मी म्हटलं.

"लाइन नाही आता, आजी."

शेतातल्या विजेच्या लाइनीचा काय भरवसा? ती कधीही येते. रात्री उठून शेतात जायला नको म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलेत. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. आत कोणाचा हात आहे का, हे ऑटो पाहत नाही.

पोरीला ते ठाऊक होतं. फ्यूज काढून घरच्या मोठ्या माणसाजवळ द्यायचे आणि काम होईपर्यंत त्यानं ते कोणालाही द्यायचे नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. तिनं चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसले आणि माझ्या ओटीत टाकले. मी पदर आवळून विहिरीजवळ बसले.

तिनं पेटी उघडली, तारा सोडवल्या, चित्र काढलं. परत जोडायला लागली तेवढ्यात शेजारच्या वावरातली मोटार घरघरली. लाइन आली होती. पोरीचे दोन्ही हात पेटीत. हाक मारावी तर ती दचकेल, म्हणून मी तोंड दाबून बसले.

धाकटा दीर वावराच्या धुऱ्यावरून तरातरा आला. विहीर सामायिक, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी त्याची.

"वैनी, फ्यूज द्या. गहू सुकून राह्यला माहा."

"तिचे हात आत हायेत."

"मंग काढ म्हना. लाइन का हिच्या परीक्षेसाठी थांबून राह्यते? पोरीच्या जातीले कायले पायजेत हे धंदे? पोळ्या येतात का तिले?"

"तुमाले येतात का, भाऊजी?"

तो तडकला. हात पुढे केला आणि तसाच थांबला. मोठ्या भावजयीच्या ओटीत दीर हात घालत नाही. फ्यूज राहिले ते तेवढ्यामुळे. माझ्या अंगात त्याला अडवायची ताकद नव्हती.

पोरीनं पेटी लावली, फ्यूज घेऊन बसवले. मोटार सुरू झाली, पण पाइपातून करंगळीएवढी धार.

"इंजिनिअरबाई, मोटार उलटी फिरून राह्यली," दीर म्हणाला. "दोन तारा इकडच्या तिकडं केल्या तू. राहू दे आता, वायरमनले बोलावतो."

पोरीनं मोटार बंद केली, फ्यूज पुन्हा उपसले आणि माझ्याकडे पाहिलं. मघाशी लाइन येईल याची भीती होती, आता तर ती आलेलीच होती. राहू दे, हे माझ्याही जिभेवर होतं. मी तसं म्हटलं असतं तर पोरगी त्या पेटीला पुन्हा शिवली नसती, आणि डिप्लोमाचं नावही घेतलं नसतं. तिच्या तोंडावरच ते दिसत होतं.

मी ओटी पसरली. "टाक."

तिनं तारा बदलल्या. फ्यूज पुन्हा बसवून मोटार सुरू केली. पाइपभर पाणी आलं आणि दीर गव्हाकडे पळाला.

"चाल ना आजी घरी," पोरगी म्हणाली.

"बस थोडी," मी म्हटलं. फ्यूज गेले तरी पदर मी अजून आवळूनच धरला होता.